आभाळाला लावलेला फोन

ज्या यंत्रासाठी मी वर्षभर भांडलो ते अजून माझ्या कपाटात आहे आणि उत्तम चालतं. ज्याच्या जिवासाठी ते घेतलं तो माणूस चिंचपाड्याजवळच्या एका टेकडीवर मातीखाली आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी आशा लावून बसायला नको.

आम्ही दोघं पाणबुडे. नंदुरबार जिल्ह्यात समुद्र नाही, त्यामुळे हा धंदा ऐकला की लोक हसतात. पण तापीवर बॅरेज आहेत, नवापूरकडे उकाईचं मागे सरकलेलं पाणी आहे, आणि अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात नर्मदेचं पाणी इतकं आत शिरलंय की काही पाड्यांना होडीशिवाय रस्ताच नाही. पाणी असलं की त्यात काही ना काही पडतं. मोटारी पडतात, होड्यांची इंजिनं पडतात, बॅरेजच्या दारांखाली ओंडके अडकतात, आणि माणसं पडतात. माणूस काढायला गेलं की काठावरचे लोक आधी हात जोडतात, आणि प्रेत सापडायला उशीर झाला की तेच लोक दगड मारतात. माझ्या कपाळावर त्याची खूण आहे. तो दगड मी उचलून परत मारला होता. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याला लागला. ज्याचा मुलगा मी शोधत होतो तोच तो बाप, हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावरही राग लगेच उतरला नाही.

माझा राग असाच आहे. डोकं विचार करेपर्यंत हाताचं काम होऊन गेलेलं असतं. जोडीदार याच्या अगदी उलट. नवापूरच्या सीमेवरच्या डोंगरातला शेतकरी, घरात कोकणा आदिवासींची कोकणी बोलणारा, रविवारी प्रार्थनेला जाणारा, आणि लहानपणापासून उकाईच्या पाण्यात मासे धरून धरून फुप्फुसं भात्यासारखी झालेला. माझ्याशी तो बाजारातली अहिराणी बोलायचा. दगडाच्या त्या प्रसंगात त्यानेच मला मागून मिठी मारून धरलं होतं, नाहीतर त्या दिवशी लोकांनी मला तिथेच पुरलं असतं.

हे काम मी गुजरातच्या किनाऱ्यावर शिकलो. एका ठेकेदाराकडे जेटीचे खांब घासायचो. तिथे एकदा आमच्यातला एक जण ओहोटीच्या ओढीने बाजूला गेला. वर आला, हात केला असणार, ओरडलाही असणार. बोटीवर आम्ही नऊ जण होतो आणि एकालाही तो दिसला नाही. लाटांमध्ये माणसाचं डोकं म्हणजे केवढं, नारळाएवढं. तिसऱ्या दिवशी तो जाळ्यात आला. चेहरा खेकड्यांनी संपवलेला होता, बोटं कमरेच्या पट्ट्यात घट्ट रुतलेली होती. ती सोडवायला मला त्याची दोन बोटं मोडावी लागली, आणि तो आवाज मी विसरलो नाही. त्या संध्याकाळी मी ठेकेदाराची कॉलर धरली, त्याने माझा हिशेब केला आणि मी गावी परत आलो.

म्हणून बीकन. हाताच्या पंजात मावेल एवढं यंत्र, आणीबाणीत दाबायचं, की आपण कुठे आहोत हे कुणाला तरी कळतं. हे 'कुणाला तरी' म्हणजे कुणाला, यातच सगळी मेख आहे. पाणबुड्यांसाठी खास एक प्रकार येतो, तो खोल पाण्याचा दाब सहज सोसतो, पण हाक मारतो ती जवळपासच्या जहाजांना. समुद्रात ते ठीक. नर्मदेच्या पाण्यात जहाज कुठून येणार? तिथे फिरतात त्या लाकडी होड्या, आणि त्यांच्यात रेडिओ सोडा, धड बादली नसते. दुसरा प्रकार थेट उपग्रहाला हाक मारतो. तो डोंगरातही चालतो, त्याला मोबाइलच्या रेंजची गरज नसते, फक्त वर मोकळं आभाळ हवं. पण तो उथळ पाण्यापुरताच बांधलेला. खोल नेला तर दाबाने फुटेल. म्हणजे त्याला वेगळा जाड डबा हवा, आट्यांच्या झाकणाचा, आत रबरी रिंग असलेला. मी दुसरा निवडला. सुरतच्या एका दुकानदारामार्फत मागवला, आणि तो यायला लागले चार महिने. तेवढ्या काळात मी त्या दुकानदाराला फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जोडीदाराला हे सगळं पोरखेळ वाटायचं. तो म्हणायचा, "भाऊ, आभायले फोन लावापेक्षा घाटवर एक माणूस बठाड. त्याले चहा पाजा की झायं."

मी म्हणायचो, तो माणूस चहा पिऊन झोपेल. उपग्रह झोपत नाही.

डबा आला तेव्हा तो पाण्यात टिकतो का हे बघायला हवं होतं. आत यंत्र ठेवून बघायची माझी हिंमत होईना. जोडीदाराने घरून आणलेला नागलीचा भाजलेला पापड त्यात ठेवला, झाकण आवळलं, दगड बांधला आणि तापीवरच्या प्रकाशा गावच्या बॅरेजपाशी डबा तळाला सोडून दिला. तासाभराने काढला. पापड कुरकुरीत होता. त्याने अर्धा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला आणि म्हणाला, यंत्र पास. आम्ही खूप हसलो. चाळिशीतली दोन माणसं नदीकाठी भाजका पापड खात हसतायत, बघणाऱ्याला वेडीच वाटली असणार.

मग भांडण झालं ते यंत्र कुणी बाळगायचं यावरून. यंत्र एक, माणसं दोन. मी म्हटलं, खाली तू जास्त जातोस, तूच लाव. तो म्हणाला, "तुले दोन पोरं शेतस. मन्हाजोडे काय शे, एक बाई आन् चार बकऱ्या. हाई मन्हा गयामा बांधशी तर मासा बी हासतीन." मी चिडून डबा जमिनीवर आपटला. डबा चांगला, त्याला ओरखडाही आला नाही. शेवटी तो माझ्याच उजव्या मांडीला बांधायचं ठरलं. पाठीवरच्या सिलिंडरला बांधून उपयोग नसतो, हात पोचत नाही. छातीवर नळ्यांची गर्दी असते. मांडीवर हात आपोआप जातो.

यंत्राची नोंदणी करावी लागते. नोंदणी नसेल तर हाक कुणाची हेच समजत नाही. त्या अर्जात दोन फोन नंबर मागतात. यंत्र दाबलं की बचाव केंद्रातला माणूस आधी त्या नंबरांवर विचारतो, तुमचा माणूस खरंच पाण्यावर गेलाय का, कुठे गेलाय, सोबत किती जण आहेत. कारण चुकून दाबली जाणारी यंत्रंही खूप असतात. मी पहिला नंबर दिला बायकोचा. दुसरा दिला जोडीदाराचा. जो माणूस माझ्याबरोबर त्याच पाण्यात असणार त्याचा. आज हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण तेव्हा मला त्यात काहीच चुकीचं दिसलं नाही. जवळचा माणूस कोण असं अर्जात विचारलं होतं, आणि मला दोनच माणसं जवळची होती.

बायकोला मी यातलं काही सांगितलं नाही. तिला काय कळतंय, असा माझा खाक्या. आणि इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या आदल्या वर्षी तिला एक फोन आला होता. पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला, तुमचा भाऊ मुसीबतमध्ये आहे, ठाण्यात बसवलाय, आम्ही सांगतो तसं करा. ती घाबरली, सांगतील ते आकडे सांगत गेली आणि आमच्या खात्यात होतं नव्हतं ते गेलं. भाऊ तेव्हा मजेत शहाद्याला ऊस तोडून घेत होता. मी घरी आलो आणि तिला मारलं. एकदा मारून थांबलो असतो तर निदान राग म्हणता आलं असतं. मी थांबलो नाही. डाव्या कानातून रक्त आलं, त्या कानाने तिला अजूनही कमी ऐकू येतं. मुलं दारात उभी होती. मग मी तिला बजावलं, पुन्हा अनोळखी नंबर उचललास तर हात तोडून ठेवीन. तिने मान डोलावली, आणि माझी बायको शब्दाची पक्की आहे.

ते काम नर्मदेच्या एका फाट्यातलं होतं. एका पाड्याच्या होडीचं इंजिन सुटून तळाला गेलं होतं. आम्ही पहाटे निघालो, खापर गावात चहा घेतला, मोलगीवरून नर्मदेच्या घाटावर उतरलो, भाड्याची होडी घेतली. घाटावर जोडीदार पुन्हा म्हणाला, इथे एकाला सांगून ठेवू, दुपारपर्यंत नाही आलो तर बघायला या म्हणून. मी मांडीवरचा डबा थोपटला आणि होडी सुरू केली. तासाभराने आम्ही फाट्यात पोचलो. दोन्ही बाजूंना काळे कडे, मधे हिरवंगार गप्प पाणी, रेंज शून्य.

तो खाली गेला. मी होडीची कड धरून कमरेपर्यंत पाण्यात, हातात त्याचा दोर. आमची खूण ठरलेली होती, एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोर सोड, तीन म्हणजे ओढ. दोन हिसके आले, मी दोर सोडला. त्यानंतर मला लाथ बसली. लाथच वाटली, खालून, पोटात, घोड्याची. पाणी एकदम पांढरं झालं आणि मग कड्यांवरून आवाज आला. कुणीतरी वळणापलीकडे जिलेटिन टाकलं होतं. मासे मारायची ही पद्धत आहे, कांडी पेटवायची, टाकायची, आणि पोट फुटून वर आलेले मासे वेचायचे. पाण्यातला स्फोट हवेतल्यासारखा विरत नाही, तो सगळा अंगात शिरतो. माझं अर्धं अंग पाण्याबाहेर होतं. त्याचं सगळं खाली होतं, आणि स्फोटाच्या बाजूला होतं.

मी तीन हिसक्यांची वाट पाहिली नाही, ओढत सुटलो. तो वर आला तेव्हा तोंडातली नळी सुटलेली होती आणि नाकातोंडातून गुलाबी फेस येत होता. अंगावर एक ओरखडा नव्हता. मी त्याला होडीत ओढून घेतलं. तो खोकला की फेस यायचा आणि दोन्ही हात पोटावर जायचे. आजूबाजूला मासे तरंगायला लागले होते, पांढरी पोटं वर करून, शेकड्याने.

तेवढ्यात वळणावरून त्यांची होडी आली. दोघं होते, एक पन्नाशीचा, एक तरुण. पाठीमागे छोटं इंजिन, व्यवस्थित चालू. हातात जाळ्याची झोळी. जोडीदाराला बघून थोरल्याने झोळी खाली टाकली. होडी सरळ आमच्याकडे वळवली आणि त्याच्या पावरी बोलीत काहीतरी बोलत एक हात पुढे केला. मला त्याची बोली येत नाही. पण पुढे केलेला हात सगळ्या बोलींत एकच असतो, हे मला आज कळतं.

तेव्हा मी वल्हं उचललं. पहिला फटका त्याच्या त्याच हातावर बसला, हाड मोडल्याचं मला वल्ह्यातून कळलं. दुसरा खांद्यावर. तो होडीत कोसळला तरी मी मारत होतो आणि आईबहिणीवरून शिव्या घालत होतो. तरुण पोरगं थोरल्याला 'बा, बा' करत ओरडत होतं. मग त्याने होडी ढकलायचा बांबू उचलला आणि माझ्यावर धावला. माझी दोन बोटं तिथेच मोडली. बांबूचा पुढचा वार मी चुकवला, तो आमच्या इंजिनावर बसला. पेट्रोलची नळी तुटली, वरचं झाकण उडून पाण्यात गेलं. मी वल्हं फेकून मारलं, ते त्याच्या तोंडावर लागलं, दात पडलेले मी पाहिले. रक्त थुंकत त्याने इंजिन ओढलं आणि बापाला घेऊन ते दोघं वळणापलीकडे गेले. त्यांच्या इंजिनाचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. मी होडीत उभा राहून त्या दिशेला शिव्या घालत होतो, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

आमचं इंजिन काही सुरू झालं नाही. एक वल्हं पाण्यात गेलेलं. उरलेल्या एका वल्ह्याने, मोडक्या बोटांनी, मी होडी एका सपाट खडकाला लावली आणि त्याला बाहेर निजवलं. मग डबा उघडला. आत थेंबभर पाणी नव्हतं. मी अँटेनाची काडी उभी केली, सील तोडलं, बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला. कड्यांमधून जेवढी आभाळाची पट्टी दिसत होती तिच्याकडे यंत्र धरून मी बसलो. म्हटलं, लागला फोन. दीड-दोन तासांत येतात बघ. मी हे मोठ्याने म्हटलं, त्याच्यासाठी.

तो शुद्धीवर होता. पोट लाकडासारखं कडक झालं होतं, हात लावू देत नव्हता. पाणी मागायचा. पाजावं की नाही हे मला कळेना, मी ओल्या फडक्याने ओठ पुसत राहिलो. उन्हं खडकावर आली तेव्हा मी माझ्या अंगाची सावली त्याच्या तोंडावर धरली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "वहिनीले फोन जाई ना आते? घाबरी जाई ती बिचारी."

मी हो म्हटलं, आणि हो म्हणतानाच मला घर दिसलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर फोन वाजत असणार. अनोळखी नंबर. ती त्याच्याकडे बघत उभी असणार. ती तो उचलणार नाही हे मला तिथे त्या खडकावर जितकं लख्ख माहीत होतं तितकं आयुष्यात काहीच माहीत नव्हतं. मी मनातल्या मनात तिला ओरडून सांगत होतो, उचल, उचल. मग तिलाच शिव्या घातल्या. मूर्ख बाई, एवढं कळत नाही. जोडीदाराला मी यातलं काही बोललो नाही. त्याने दोनदा विचारलं, येतीन ना? दोन्ही वेळा मी म्हटलं, येतीलच.

तो दुपारी कधीतरी गेला. शेवटी रक्ताच्या उलट्या झाल्या आणि तो त्याच्या आईला कोकणीत हाका मारत होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ज्या मांडीला डबा बांधायचो तीच. मोठी होडी आली तेव्हा यंत्राचा दिवा चालूच होता आणि तो गेल्याला तास उलटला होता.

केंद्राने आपलं काम केलं होतं, त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. त्यांनी बायकोला फोन लावला, जोडीदाराच्या फोनवर लावला, तो बंद. दुजोरा मिळाला नाही तरी त्यांनी खाली जिल्ह्यात कळवलं, पण खात्री होत नाही असं सांगून. समुद्रातलं यंत्र डोंगरात कसं वाजतंय, चुकून दाबलं गेलं असेल, हे विचारण्यात आणि सांगण्यात निरोप या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. घरून कुणी नुसतं 'हो, दोघं पाण्यावर गेलेत' म्हटलं असतं तर होडी सकाळीच सुटली असती. घाटावर एक माणूस बसलेला असता तरी सुटली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी आलो. आधी तिचा फोन मागितला. तीन वेळा तिने कापला होता. चौथ्यांदा उचलला होता. पलीकडून एक माणूस हिंदीत म्हणाला, आपके पति मुसीबत में हैं. तिने ऐकलं, फोन कापला आणि तो नंबर बंद करून टाकला. नंतर मला लावला, जोडीदाराला लावला, लागला नाही, पण पाण्यावर गेलो की आमचा कधीच लागायचा नाही. माझा हात वर गेला. बोटांना पट्टी बांधलेली होती तरी गेला. ती दर वेळी मागे सरकायची, या वेळी सरकली नाही. म्हणाली, "उचला तरी मारतस, नही उचला तरी मारतस. मी करू काय, ते तरी सांगा."

हात खाली आला, पण शहाणपणाने आला असं मी म्हणणार नाही. बोटं दुखत होती.

नंतर जे मी केलं ते मारण्यापेक्षा वाईट. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सगळी हकिगत सांगायचो. जिलेटिन, हल्लेखोर, यंत्र, आणि मग फोनाशी येऊन गप्प व्हायचो. लोक आतल्या खोलीकडे बघायचे. पोलिसांना दिलेल्या जबाबात मी लिहून दिलं की त्या दोघांनी आमच्यावर हल्ला केला. बायकोने कुणाला काही उलट सांगितलं नाही. भाजी आणायला जाणंही तिने बंद केलं. गल्लीतल्या बाया म्हणायला लागल्या, एक फोन उचलला असता तर माणूस वाचला असता. मी ते ऐकायचो आणि जेवायचो.

महिन्याने त्याच्या घरी प्रार्थना होती. मी एकटाच निघालो होतो, बायको म्हणाली, मीही येणार. तिथे चर्चचे पाळक बोलले, गाणं झालं, लोक चहा पिऊन पांगले. जोडीदाराची बायको ओसरीवर बसली होती. ती कमी बोलणारी बाई, शाळेत शिकलेलं मराठी जपून वापरायची. माझी बायको तिच्यासमोर खाली बसली, हात जोडले आणि म्हणाली, "मन्हामुये व्हयनं, ताई. मी फोन कापा." आणि मी तिथे उभा असून काही बोललो नाही.

जोडीदाराच्या बायकोने तिचे जोडलेले हात सोडवले. मग मान वर करून मला म्हणाली, "भाऊ, मी तुमचा जबाब वाचला. एक विचारायचं होतं. ज्यांनी बार टाकला त्यांची होडी चालू होती का?"

असं मला कुणीच विचारलं नव्हतं. पोलिसांनीही नाही. मी म्हटलं, "चालू होती."

"ते तुमच्याजवळ आले तेव्हा हे जिवंत होते?"

"होते."

"घाटावर जायला किती वेळ लागला असता?"

"तासभर."

"ते मारायला आले होते का?"

घराच्या मागे बकऱ्या ओरडत होत्या. माझी बायको माझ्याकडे बघत होती. हे तिलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "नाही. त्याने हात पुढे केला होता. आधी मी मारलं."

जोडीदाराच्या बायकोने मला शिवी दिली नाही, ती रडलीही नाही. मी दोन्हींची वाट पाहत होतो, मला त्यातलं काहीतरी हवं होतं. ती उठली. माझ्या बायकोला दंडाला धरून उठवलं आणि आत जेवायला घेऊन गेली. दार उघडंच होतं. मला कुणी ये म्हटलं नाही, मी ओसरीखाली उन्हात उभा राहिलो. बऱ्याच वेळाने माझी बायको बाहेर आली आणि म्हणाली, तुम्ही जा, मी आज आठेच, ताईजोडे ऱ्हासू.